फुंकणाऱ्याचं नाव

दीपमाला अकोटची. मायबाप भाजीपाला पिकवून विकणारे. कोबीच्या ढिगातला सडका गड्डा नाकानंच हुडकायची सवय तिला लहानपणापासूनची. नर्सिंग केलं, अकोल्याच्या एका दवाखान्यात चार वर्षं घासली, मग मूर्तिजापूर रोडवरच्या विमान उडवायला शिकवणाऱ्या खासगी संस्थेत लागली. काम एवढंच, की उडायच्या आधी शिकवणाऱ्यानं अन् शिकणाऱ्यानं तिच्या दारू तपासायच्या यंत्रात फुंकायचं. आकडा शून्य आला की तिनं वहीत नाव लिहून सही करायची. तिच्या सहीशिवाय विमान जागचं हलत नसे.

त्या सकाळी शिकवणारा कॅप्टन शेखर तोंडात खर्रा कोंबूनच आला. त्या तंबाखू-चुन्यातूनही रात्रीची दारू आंबूस भपकारा मारत होती. दीपमालानं तोंड फिरवलं.

"थुंका सर. चूळ भरा."

त्यानं चूळ भरली, फुंकलं. आकडा चढला. पाव तास बसवून पुन्हा फुंकवलं. आकडा तिथंच.

"रात्री दोनच घेतले हो मॅडम," कॅप्टन दात काढून हसला. "विमान थोडंच माझं तोंड हुंगतं?"

दारात पौर्णिमा उभी होती. चांदूर बाजारची, एकोणीस वर्षांची शिकाऊ पोर. तिला आज याच माणसाशेजारी बसून वर जायचं होतं. तिनं सारं ऐकलं होतं.

"ताई, जाऊ द्या नं. दोन हप्ते झाले, माह्या नंबरच नाही लागून राहिला."

दीपमालाला तिचीही किळस आली, अन् लगेच त्या किळसेची लाज वाटली.

"अवं, वरून पडशीन तं तुह्या मायले काय सांगू मी?"

तेवढ्यात मॅनेजर ओमप्रकाश आला. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला अष्टगंध, कांदा-लसूणही न शिवणारा माणूस. त्यानं आकडा पाहिला, 'च्यक्' केलं अन् यंत्राला नवी नळी लावली.

"आन इकडं. मी फुकतो."

"तुमी काहून?"

"आपला श्वास निर्मळ हाय, बाई. जन्मात थेंब नाही घेतला. मांगच्या महिन्यात तू सुट्टीवर होती, तवा दोनदा मीच फुकलो. कोनाचं काई अडलं का?"

रक्तदान केल्यासारखा चेहरा करून सांगत होता. डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं अन् फुंकलं. शून्य. दारूड्याचा भपकारा तिनं सोसला होता, पण या सोवळ्या श्वासानं तिला उलटीच यायला झाली.

"लिव आता."

तिनं लिहिलं. कॅप्टनच्या नावापुढं त्याचे दोन्ही आकडे. खालच्या ओळीत ओमप्रकाशचं नाव, पुढं शून्य. खाली सही ठोकली.

"हे काय लिवलं तुनं?"

"ज्यानं फुकलं त्याचं नाव. आता तुमीच उडवा विमान."

कॅप्टन खुर्चीत खदाखदा हसला. ओमप्रकाशनं वहीला हात घातला, तशी तिनं ती छातीशी धरली.

"कामावरून काढा मले. पण पान नाही फाडू देत. अन् मांगच्या महिन्याच्या त्या दोन तारखा सांगा, त्याबी लिवते."

ओमप्रकाश माळ चाचपत मागं सरकला. पौर्णिमानं हातातला हेडसेट बाकावर आपटला अन् दीपमालाकडं न पाहता, पाय आपटत, फाटकाकडं निघून गेली. धडधाकट पायांनी.