कुलूप लावलेले विरजण

विरजणाच्या बाबतीत देऊळघाटच्या आमच्या गल्लीत एकच नियम आहे: मागणाऱ्याला ते नाकारायचे नाही, आणि ज्याने नेले त्यानेही पुढच्याला नाकारायचे नाही. माझा प्रोग्राम मी मुक्त परवान्याखाली खुला केला, तेव्हा हाच नियम लिहून दिला होता. कोणीही वापरावा, बदलावा, वाटावा. मात्र बदलून वाटणाऱ्याने आतला सोर्स कोड सर्वांना पाहायला उघडा करावा आणि वापरणाऱ्याचे हात बांधू नयेत.

प्रोग्राम साधा होता. कांदा बियाण्याच्या प्लॉटमधले तापमान, आर्द्रता आणि फुलोऱ्याची स्थिती भरली की कीटकनाशक कधी फवारायचे ते तो सांगे. कांद्याच्या फुलांचे गोंडे फुलले की मात्र 'थांबा' म्हणे. फुलोऱ्यात मधमाश्या मेल्या तर बी भरत नाही. माझ्या काकांचे बियाणे घेणाऱ्या कंपनीने तो उचलला, माझे नाव पुसले, 'थांबा' काढून टाकले, प्रत्येक सल्ल्याला स्वतःचे औषध जोडले आणि कुलूपबंद टॅबमध्ये घालून गावात वाटला. सोर्स कोड मागणाऱ्या माझ्या पत्राला उत्तर आले नाही. कंपनीचा प्रतिनिधी मात्र आला आणि आमच्याच ओसरीवर चहा प्याला.

"मॅडम, फुकट तर तुम्हीच ठेवलं होतं," तो म्हणाला.

"अटींसह ठेवलं होतं. त्या वाचल्यात का?"

"त्या कोण वाचतं?"

काका हसले. "हाव ना. तूच फुकट ठेवलं, त्यायनं नेलं. आता काऊन कटकट करून राह्यली?"

"काका, विरजण नेऊन कोणी भांड्याला कुलूप लावतं का?"

"दही येगळं, मशीन येगळी."

गोंडे फुलले आणि टॅबने 'फवारा' सांगितले. मी काकांच्या हातून टॅब घेतला, त्याचे कुलूप तोडले, आतले सारे पुसून खुली प्रणाली बसवली आणि तिच्यावर माझा मूळ प्रोग्राम घातला. काकांनी स्वतः आकडे भरले. उत्तर आले: थांबा.

"हे तं तूच बोलून राह्यली," ते म्हणाले. "मशीन कुठं बोलून राह्यली?"

टॅब खाटेवर पालथा टाकून ते शेजाऱ्याकडे गेले. शेजाऱ्याचा टॅब अजून कंपनीचा, 'फवारा' म्हणणारा होता. परत आले ते पाठीवर पंप घेऊनच. मी आडवी उभी राहिले. ते वळसा घालून गेले. जे वाक्य कंपनीने विकत दिले असते तर त्यांनी मान डोलावली असती, ते पुतणीने फुकट दिले म्हणून खोटे ठरले.

पुढच्या काही दिवसांत प्लॉटमधली गुणगुण थांबली. काका तळहाताला मलमलचे फडके गुंडाळून एकेका गोंड्यावरून हात फिरवू लागले. माश्यांचे काम माणसाने करायचे, तर ते असेच. मी प्लॉटच्या धुऱ्यावर उभी होते. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "शेजाऱ्याचा फुलोरा आताशीक लागून राह्यला. त्याच्या टॅबमधीबी तुह्यं टाकून दे."

मी टाकून दिले. विरजण नाकारता येत नाही. काकांशी बोलण्याला मात्र तो नियम लागू नव्हता; ते मी नाकारले.