आत्याचं यंत्र आणि खडीखालचं झाकण

मेटल डिटेक्टर मी स्वतःसाठी आणला होता. दोनदा फिरवला, हात दुखला आणि तो कपाटावर गेला. तिथून खाली काढला माझ्या आत्यानं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. हॉस्पिटलच्या धुलाईघरात तिचा उभा जन्म चादरी धुण्यात गेला. निवृत्त झाल्यावर खिडकीशी खुर्ची टाकून बसायची, नाहीतर कपड्यांच्या आईनं घातलेल्या घड्या उलगडून पुन्हा घालायची. आई मनातल्या मनात चडफडायची.

"हे काय गं, नवा झाडू?" आत्यानं विचारलं.

"जमिनीत धातूचं काही असलं की वाजतं."

"मग वाजवून बघू की!"

पहिल्या दिवशी मागच्या अंगणात यंत्र थांबेचना. जाईल तिथे टूं टूं. आत्या हरखली. "अगं, आपण सोन्याच्या खाणीवर राहतोय!" मी पाहिलं तर तिच्या पायात धुलाईघरातले बूट, पोलादी टोकांचे. बूट बदलले आणि खाण बंद पडली. बाबांना हसून हसून ठसका लागला.

मग मी रोज मातीत काहीबाही पुरून ठेवायला लागले. चमचा, खिळा, डब्याचं झाकण. आत्या हेडफोन लावून शोधायची. ती फरशी पुसल्यासारखे फटकारे मारायची आणि दर फटकाऱ्याला यंत्राची खालची तबकडी हवेत जायची.

"आत्या, जमिनीलगत, सपाट धर. आणि सावकाश."

"माझं वय झालंय, पण इतकी सावकाश मी अजून झालेली नाही!"

तरी शिकली. खिळा खरखरतो, चमचा स्वच्छ वाजतो, हे तिला कळू लागलं. मग गल्लीजवळच्या बागेतल्या माळीदादांना विचारून ती तिथे जाऊ लागली. खणलेला खड्डा बुजवायचा, एवढीच त्यांची अट. बाटल्यांची बुचं, तुटकी किल्ली, खेळण्यातली मोटार, एवढीच काय ती कमाई. पण जेवायला बसल्यावर तिच्या तोंडाला खळ नसायचा.

एका सकाळी आमच्या गल्लीत पाण्याची लाइन फुटली. सलूनवाल्या काकांच्या दुकानात घोटाभर पाणी शिरलं. नळखात्याचे प्लंबरदादा पहारीनं रस्ता ठोकत होते. "व्हॉल्व्ह इथेच कुठेतरी आहे हो, पण त्यावर नवी खडी टाकलीय. झाकण सापडेल तर शपथ!"

आत्या यंत्र घेऊन खाली उतरली.

"आत्या, खजिना नंतर शोधा," सलूनवाले काका ओरडले, "आधी माझ्या खुर्च्या वाचवा!"

ती तबकडी खडीलगत धरून फिरू लागली. भिंतीजवळ जोरात वाजलं. प्लंबरदादांनी खणलं, तर पत्र्याचा चेपलेला डबा. लोक हसले. आत्याचे कान लाल झाले. मला वाटलं, आता ही घरी परतणार.

पण ती मला म्हणाली, "चुकलंच माझं. एकदा वाजलं आणि मी धावले. आडवंउभं दोन्हीकडून फिरवून बघायला हवं होतं."

तिनं पुन्हा सुरुवात केली. रस्त्याच्या मधोमध आवाज आला. तबकडी सरकवली तरी तो तुटेना. उभी फिरवली, आडवी फिरवली. पायानं खडीत एक गोल काढून ती म्हणाली, "इथे. काहीतरी मोठं आहे."

पहार खडीत शिरली आणि ठण्णकन आवाज झाला. लोखंडी झाकण! प्लंबरदादांनी ते उचलून व्हॉल्व्ह आवळला आणि पाण्याचा जोर ओसरला. काकांनी तिथेच आत्याला खुर्ची आणून दिली. खुर्ची ओली होती, तरी ती ऐटीत बसली.

आठवडाभरानं प्लंबरदादा आमच्या दारात. "आत्या, इतर गल्ल्यांमधलीही झाकणं गाडली गेलीत. याल का?"

आत्या चपला घालूनच बोलली, "चला."

आता दोघं मिळून झाकणं शोधतात आणि त्यांवर पिवळा रंग मारतात. आज शाळेमागच्या गल्लीत गेलेत. जेवायच्या वेळी मी फोन केला, तर म्हणते, "तुम्ही बसून घ्या गं. अजून एक वाजतंय."