मिसची नक्कल

दहावीत आमच्या शाळेत शिक्षकदिनाला मुली साड्या नेसून शिकवायच्या आणि शिक्षक मागच्या बाकावर बसायचे. मी गणिताच्या मिस व्हायचं ठरवलं तेव्हा शेजारची मुलगी म्हणाली, “तू? फिर क्लास म्यूट पे चलेगा क्या?”

तिचंही बरोबर होतं. वर्गात माझा आवाज सहसा कुणाला ऐकूच जायचा नाही. बाकीचे शिक्षक वैतागून पुढच्या मुलाला विचारायचे. मिस मात्र माझ्या बाकाजवळ यायच्या, मान किंचित वळवायच्या, माझ्या ओठांकडे बघायच्या आणि इंग्रजी शाळेत हळूच मराठीत म्हणायच्या, “पुन्हा सांग. सावकाश.” एवढ्या लक्षपूर्वक माझं घरीसुद्धा कुणी ऐकत नसे. मी त्यांच्यासारखी मान वळवायला लागले, त्यांच्यासारखे डाव्या कानावर केस ओढून घ्यायला लागले. मला मोठं होऊन त्याच व्हायचं होतं.

त्या सकाळी आई पदराला पिन लावत होती. “एवढा वर कोन घेतो पदर?”

“आमच्या मिस घेतात.”

“मंग मिसकडूनच नेसून घे जा,” आई म्हणाली, पण तिने पदर वर घेतला.

वर्गात मिस शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. मी एका मुलाला प्रश्न विचारला, त्याने उत्तर दिलं. मी मान वळवली, त्याच्या ओठांकडे पाहिलं आणि म्हटलं, “पुन्हा सांग. सावकाश.” वर्ग हसला. मी मुद्दाम केलेल्या गोष्टीला कुणी हसण्याची ती पहिलीच वेळ होती. मला आवडलं. दुसऱ्या मुलाच्या वेळी मी बाकाला वळसा घालून मिस जातात तशी पलीकडच्या बाजूला गेले. वर्ग आणखी हसला. तिसऱ्याने तोंडापुढे वही धरून उत्तर दिलं. मी कान पुढे केला. उजवा.

“अरे हां!” मागून कुणीतरी ओरडलं. “मिस को लेफ्ट साइड से सुनाई ही नहीं देता!”

हसू एकदम थांबलं. मी मिसकडे पाहिलं. त्यांचा हात डाव्या कानावरच्या केसांवर होता. त्यांनी तो खाली घेतला आणि टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच.

इतके दिवस जे मी माझ्यासाठीचं प्रेम समजत होते, ती त्यांची गरज होती. आणि ती मी साडी नेसून सगळ्यांना दाखवली होती. घरी मी साडी ओढूनच काढली. पदराची पिन आईला नंतर जमिनीवर सापडली. काय झालं ते मी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मिसकडे न बघता बसले. त्यांनी खडू हातात घेतला, पण लिहिलं नाही.

“डाव्या कानाने मला ऐकू येत नाही,” त्या म्हणाल्या. “लहानपणी कान फुटला होता. आमचं घर निजामपुऱ्यात, भिंतीला लागून कापडाचे लूम, दिवसरात्र खडखडाट. घरात सगळेच ओरडून बोलायचे, त्यामुळे बरीच वर्षं कुणाला कळलंच नाही.” दोघं-तिघं हसले, त्याही हसल्या. “आता कळलंय, तर माझ्या डावीकडच्या, खिडकीकडच्यांनी जरा मोठ्याने बोला. बस.”

मी खिडकीकडेच बसायचे. अशी गोष्ट चाळीस मुलांसमोर इतक्या साधेपणाने सांगणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. त्यांच्यासारखं होणं म्हणजे हे, मान वळवणं नव्हे, हे मला तिथेच कळलं.

तेवढ्यात त्यांनी मलाच प्रश्न विचारला. उत्तर येत होतं. मी उभी राहिले. मोठ्याने बोलायचं असं मनात दोनदा म्हटलं आणि तोंडातून निघालं ते नेहमीसारखं, ओठांच्या पुढे न जाणारं. पुन्हा प्रयत्न केला. तेच.

मिस रागावल्या नाहीत. खडू ठेवून दोन बाकांमधून चालत आल्या आणि सगळ्या वर्गादेखत माझ्या तोंडाजवळ वाकल्या.