पायाशी आलेली कोळंबी

चारचौघांत कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की तिची पंचाईत व्हायची. "मी कोळंब्या ओळखते," असं खरं सांगितलं तर समोरचा आधी हसायचा आणि मग जरा जवळ सरकून विचारायचा, "ताज्या कशा ओळखायच्या हो?" म्हणून परक्या माणसांपुढे ती "संग्रहालयात नोकरी करते" एवढ्यावर भागवायची. गल्लीत मात्र ही लपवाछपवी चालत नसे. गल्लीला ती कोळंबीबाई म्हणूनच ठाऊक होती. पोस्टमनसुद्धा खालून "कोळंबीबाईऽ" अशीच हाक मारायचा.

संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत तिचं टेबल होतं. खोलीला स्पिरिटचा वास आणि छतापर्यंत बाटल्याच बाटल्या. खोलीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात शिंपले आणि गोगलगाई यांचे एक जाणकार बसत. त्यांना सगळे शिंपलेवाले म्हणत. धरणांची पाहणी करणारे, मत्स्यखात्याचे लोक, कॉलेजातले प्राध्यापक ठिकठिकाणाहून बाटल्या पाठवत, आणि आतली कोळंबी कुठल्या जातीची ते तिनं सांगायचं. डोक्यावरच्या चोचीला वरून किती दात, खालून किती, पायांची लांबी, शेपटीच्या टोकावरचे काटे, असं सगळं सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं. काम किचकट, पण तिला मनापासून आवडायचं.

मनात एक सल मात्र होता. आयुष्यभर दुसऱ्यांनी नावं दिलेल्या जाती ती ओळखत आली होती. स्वतः एखादी नवी जात शोधून तिचं वर्णन करावं, हे राहूनच गेलं होतं. एकदा तो घास अगदी तोंडाशी आला होता. नवी जात सापडली म्हणून तिनं चित्रं काढली, लेख लिहिला, संग्रहालयभर सांगून झालं, आणि छापायला पाठवायच्या बेतात असताना ग्रंथालयातल्या एका धुळकट अंकात तीच कोळंबी तिच्याकडे बघत बसलेली दिसली. शंभरेक वर्षांपूर्वीच कुणीतरी तिचं बारसं करून मोकळं झालं होतं. सगळी मेहनत पाण्यात गेली. तेव्हापासून शिंपलेवाले अधूनमधून विचारायचे, "काय बाई, नवीन जुनं काही?" आणि तीही हसून म्हणायची, "जुनंच जुनं."

तिची धाकटी बहीण बाजाराच्या तोंडाशी केस कापायचं दुकान चालवायची. कोळंबीबाईचे केस तिथंच कापले जात, तेही बहिणीनं चार वेळा फोन केल्यावर. त्या दिवशी बहिणीनं तिला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड गुंडाळलं आणि मानेवरचे केस कापायला तिचं डोकं एका बाजूला कलतं केलं. नाकासमोर आली ती गिऱ्हाइकांच्या करमणुकीसाठी ठेवलेली माशांची काचेची टाकी.

"हलू नकोस ताई, कान कापला जाईल."

"थांब जरा. तुझ्या टाकीत कोळंबी आहे."

"माझ्या टाकीत मासे आहेत. कोळंबी तुझ्या डोक्यात आहे."

पण ताई अर्ध्या कापलेल्या केसांनिशी उठून टाकीला नाक लावून बसली होती. शेवाळाच्या झुपक्यात नखाएवढी एक कोळंबी बसली होती. अंग काचेसारखं, पाठीवर विटकरी रंगाची एकच बारीक रेघ. पोटाखाली अंडी होती. ती अंडी कोळंबीबाईनं दोनदा मोजली. त्या भागातल्या ओढ्यांत जी नेहमीची बारीक कोळंबी मिळायची तिची अंडी खसखशीसारखी, शेकड्यांनी. पिल्लं वाहत वाहत समुद्रापर्यंत जायची आणि मोठी होत होत पुन्हा वर चढून यायची. हिची अंडी मोजकी आणि चांगली टपोरी होती. म्हणजे पिल्लं अंड्यातून बाहेर पडतानाच आईसारखी तयार असणार. हिला समुद्राशी काही देणंघेणंच नव्हतं.

"ही कुठून आली?"

"मला काय माहीत! ह्यांनी शेवाळ आणून टाकलं होतं. टाकी भुंडी दिसते म्हटलं म्हणून."

'हे' म्हणजे बहिणीचे यजमान, कोळंबीबाईचे मेहुणे. बर्फाच्या कारखान्याची गाडी चालवायचे. त्यांना तिथल्या तिथं फोन लागला.

"शेवाळ ना? डोंगरातल्या रस्त्यावरून आणलं, ताई. एका वळणावर गाडी गरम होते, तिथं थांबतो मी. बाजूच्या दगडाला लागलं होतं."

"कुठलं वळण?"

"जिथं गाडी गरम होते ते."

"अहो, पण गाडी कुठं गरम होते?"

"ते तिच्या मनावर आहे, ताई."

कोळंबीबाईनं कोळंबी एका बरणीत घेतली आणि तशीच घरी गेली. दुसऱ्या दिवशी एका बाजूला आखूड आणि दुसऱ्या बाजूला लांब केस घेऊन ती कामावर हजर झाली तेव्हा शिंपलेवाल्यांनी चष्मा वर करून विचारलं, "फॅशन आहे की भांडण?" तिनं बरणी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बराच वेळ बघितलं. नेहमीची थट्टा काही केली नाही. "एका मादीवर काही ठरणार नाही," एवढंच म्हणाले. "नर पाहिजे. आणि राहते कुठं तेही कळायला हवं."

ते तिलाही ठाऊक होतं. या कोळंब्यांत खरी ओळख पटते ती नराच्या पोटाखालच्या पहिल्या पोहायच्या पायावरून. त्या पायाचा आतला तुकडा जातीजातीत वेगळ्या आकाराचा असतो. टाकीतलं शेवाळ तिनं दोरा दोरा करून उलगडून पाहिलं, पण नर काही मिळाला नाही.

सुट्टीच्या दिवशी मेहुण्यांनी बर्फाची रिकामी गाडी काढली. पुढं ते, बहीण आणि कोळंबीबाई. आईचा बेतात काही संबंध नव्हता, पण ती चपला घालून दारात आधीच उभी होती. "तुम्ही सगळे डोंगरात जाणार आणि मी घरी भिंतींशी बोलत बसू?" चौघं दाटीवाटीनं बसली. पायाशी जाळी, बरण्या आणि बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या दोन चाळण्या.

पहिल्या वळणावर गाडी गरम झाली नाही, तरी उतरून बघितलं. नेहमीचीच कोळंबी. दुसऱ्या वळणावर गाडी इतकी गरम झाली की मेहुण्यांची खात्रीच पटली, "हेच ते." गुडघाभर पाण्यात उतरून सगळ्यांनी चाळण्या फिरवल्या. तिथंही नेहमीचीच. ऊन चढलं. बहीण म्हणाली, "ताई, यांना रस्ता नीट आठवत नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा भलत्याच दारात जाऊन उभे राहिले होते." मेहुणे म्हणाले, "दोन्ही घरं सारखीच होती!" गाडी पुढं निघाली.

आणखी वर एका वळणाशी झाडांखालून पाणी येत होतं आणि एका सपाट दगडावरून पसरून खाली पडत होतं. तिघं वरच्या बाजूला शोधायला गेली. आईनं दगडावर बैठक मारली, चपला बाजूला ठेवल्या आणि पाय पाण्यात सोडले. वरच्या डबक्यांत काहीच हाताला लागेना. कोळंबीबाईचं तोंड उतरत चाललं होतं, तेवढ्यात खालून हाक आली.

"अगं, हे काय चावतंय मला?"

"मुंग्या असतील, आई!" बहीण वरूनच ओरडली.

"पाण्यात कुठल्या मुंग्या? चावतही नाही धड. गुदगुल्या होतायत!"

कोळंबीबाई धडपडत खाली आली. आईच्या दोन्ही पावलांवर, बोटांच्या बेचक्यांत, टाचेच्या भेगांवर कोळंब्या बसल्या होत्या. या जातकुळीच्या कोळंब्यांच्या पुढच्या हातांना ब्रशसारखे केस असतात. त्या ब्रशनं दगडावरचा थर झाडून त्या खातात. आईच्या टाचाही त्यांना दगडच वाटल्या असाव्यात. सगळ्यांच्या पाठीवर ती एकच विटकरी रेघ. आणि त्यांच्यात काही लहानखुरे, सडपातळ होते. नर!

"आई, हलू नकोस!"

"मला हसू आवरत नाही गं!"

"हस तू, पण पाय हलवू नकोस!"

आईला हसता हसता उचकी लागली. मेहुण्यांनी तिचे खांदे धरून ठेवले, "सासूबाई, दम धरा, दम धरा," आणि स्वतःच हसायला लागले. बहिणीनं खालून चाळणी धरली. कोळंबीबाईनं अलगद एकेक कोळंबी आईच्या पायावरून उचलली. "माझे पाय इतके घाण आहेत का गं?" आईनं डोळे पुसत विचारलं. "आई, तुझे पाय सोन्याचे आहेत," कोळंबीबाई म्हणाली आणि पुढची कोळंबी उचलली.

पुढचं काम टेबलावरचं. मेहुण्यांनी आणून दिलेल्या बर्फाच्या पाण्यात मोजक्या कोळंब्या गार करून निजवायच्या, मग स्पिरिटमध्ये ठेवायच्या. इतकी वर्षं करूनही तिला ते जड जायचं. दर वेळी ती पुटपुटायची, "माफ कर गं बाई." मग मोजमापं, चित्रं. एका नराचा तो पहिला पाय सुईच्या टोकानं मोकळा केला आणि तेवढ्यात तिला शिंक आली. पाय उडाला. खसखशीच्या दाण्याहून लहान वस्तू! शिंपलेवाले स्वतःचं काम टाकून गुडघ्यांवर आले आणि भिंग घेऊन फरशी चाळायला लागले. साफसफाईची बाई झाडू घेऊन दारात आली तेव्हा दोघंही एकदम ओरडले, "आत येऊ नका!" शेवटी तो पाय शिंपलेवाल्यांच्याच बाहीवर सापडला. "कोळंबीनं माझ्यावर पाय टाकला," ते म्हणाले आणि आठवडाभर तोच विनोद सगळ्यांना ऐकवत हिंडले.

सगळं जुळत आलं होतं, पण एक काटा मनात रुतून होता. डोंगरापलीकडच्या नदीतून फार पूर्वी कुणीतरी अशीच एक कोळंबी वर्णन केली होती. मोठी अंडी, आखूड चोच. वर्णन चार ओळींचं आणि चित्र असं, की त्यावरून कोळंबी आणि झुरळही वेगळं सांगता आलं नसतं. ती मूळ कोळंबी परदेशातल्या एका संग्रहालयात बाटलीत होती. पुन्हा तोंडघशी पडायची तिची तयारी नव्हती. तिनं तिथल्या संग्रहपाल बाईंना विनंती केली आणि दोघींनी आपापल्या सूक्ष्मदर्शकांना कॅमेरे लावून पडद्यावर समोरासमोर बैठक जमवली. भाषा दोघींचीही मोडकीतोडकी. पण पाय तर पायच.

आधी डाव्या बाजूला त्या जुन्या नराच्या पायाचा तुकडा दिसला. लांबट, टोकदार, पानासारखा. मग कोळंबीबाईनं आपली काचपट्टी सरकवली. उजव्या बाजूला तोच तुकडा गोलसर, खाली फुगीर, पेरूसारखा. सारखेपणाचा प्रश्नच नव्हता. पलीकडच्या बाई काहीतरी आनंदानं बोलल्या. कोळंबीबाई पडद्याला नाक लावून बघत बसली होती.

"तुम्ही आहात ना तिथं?" पलीकडून प्रश्न आला.

"आहे."

"मग बोला की काहीतरी!"

"पेरू," ती म्हणाली. मागं उभ्या शिंपलेवाल्यांनी जोरात टाळी वाजवली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

आता नाव. स्वतःचं नाव स्वतः शोधलेल्या जातीला द्यायची रीत नाही, हे तिनं घरी सांगितलं आणि घरात रान मोकळं झालं. बहिणीला दुकानाचं नाव हवं होतं. "फुकटात जाहिरात होईल, ताई, जगभर." मेहुण्यांचं म्हणणं, गाडी तापली नसती तर काहीच झालं नसतं, तेव्हा गाडीचं नाव द्यावं. कोळंबीबाईच्या मनात आईचं नाव होतं. आईनं दोन्ही हात जोडले.

"नको बाई. उद्या लोक म्हणतील, ती ना? तळून चांगली लागते."

"आई, ती नखाएवढी आहे. तळणार काय तिला?"

"लोकांचा काय भरवसा!"

शेवटी लॅटिनमधला 'गुदगुल्या करणारी' या अर्थाचा शब्द पक्का झाला. आईनं तो चार वेळा उच्चारून पाहिला, तिलाही पटला. लेख नियतकालिकाकडे गेला, तेव्हा तिथल्या तपासनिसांनी दोन आकृत्या पुन्हा काढायला लावल्या. एकानं विचारलं, की पकडण्याच्या पद्धतीत 'हाताने, लेखिकेच्या आईच्या पायांवरून' असं लिहिलंय, हे चुकून राहिलंय का? तिनं उत्तर पाठवलं, चुकून नाही, तसंच घडलं. संपादकांनी वाक्य ठेवलं.

लेख छापून आला त्या दिवशी पोस्टमनपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्या गल्लीनं घरी येऊन आईचे पाय बघितले. आईनं ते आधीच घासूनपुसून ठेवले होते. कोळंबीबाई दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर गेली. टेबलावर एका धरणाच्या बाटल्यांचं खोकं येऊन पडलं होतं. तिनं ते उघडलं आणि दात मोजायला बसली.

काही महिन्यांनी एका बाईंचा फोन आला. दूरच्या एका जिल्ह्यात नद्यांची पाहणी करत होत्या. उत्साहानं म्हणाल्या, "बाई, तुमची कोळंबी आमच्याकडेही सापडली! मोठी अंडी, पाठीवर रेघ, सगळं तुमच्या वर्णनासारखं."

"वा! नर आहे?"

"आहे, समोरच आहे."

"पोटाखालचा पहिला पाय बघा. आतला तुकडा कसा दिसतोय? पेरूसारखा?"

पलीकडे बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू आली.

"नाही हो. दोन टोकं आहेत त्याला. चिमट्यासारखा आहे." आवाज एकदम पडला. "म्हणजे माझं चुकलं का?"

कोळंबीबाईनं खुर्ची पुढं ओढली. शिंपलेवाल्यांना हातानंच गप्प राहायची खूण केली. तिला हसू फुटत होतं.

"चुकलं कसलं? ही माझी नाही एवढंच. आता घाई करू नका, जुने अंक सगळे चाळा, मी मदत करते. पण पेन्सिल घ्या हातात आणि आधी तिचं चित्र काढा. आणि हो, शिंक आली तर तोंड फिरवा."