मातेच्या अंगावरची साडी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, फादरांनाही नाही — म्हणजे फादरांना सांगितल्यासारखं केलं, पण ते काही सांगणं नव्हे. आता थकले बाई, म्हणून तुम्हाला सांगते.

इथं कुंभकोणमला कॅथलिक लोक पापनिवेदनाला तमिळमध्ये 'पावसंकीर्तनम्' म्हणतात; 'पावम्' म्हणजे पाप. मी तंजावरी मराठी घरातली, लग्न करून ख्रिस्ती झाले. हा शब्द पहिल्यांदा ऐकला आणि मला हसूच फुटलं. आमच्यात संकीर्तन म्हणजे गोविंदपुरमच्या देवळातलं भजन! पाप कुणी टाळ वाजवून सांगतं का?

पण मी तसंच करत आले. दर वेळी तमिळमधलं तेच पालुपद — फादर, मला वस्तूंची 'आसै' आहे. आसै म्हणजे इच्छा, आवड. किती गोड शब्द! फादर म्हणायचे, सगळ्यांनाच असते, तीन वेळा 'नमो मरिया'ची प्रार्थना म्हणा. मी म्हणायचे. आणि घरी येताना ऑटोतच मोबाइलवर साड्या बघायला लागायचे. कपाटात मावत नव्हत्या, पलंगाखाली पार्सलं न उघडता पडलेली, तरी आणखी एक हवीच. कशाला? मला विचारू नका, मला खरंच माहीत नाही.

'चोरी' हा शब्द मात्र माझ्या मनात मराठीतच येतो. आणि फादरांना मराठी येत नाही.

आमच्या चर्चमध्ये सणाला मरियामातेच्या मूर्तीला साडी नेसवतात. ते काम माझं. सण झाला की ती साडी एखाद्या गरीब मुलीला लग्नासाठी देतात. त्या वर्षी स्टेल्लाचं लग्न होतं — आमच्या गल्लीत इडल्या विकणारी बाई आहे, लूर्दू, तिची मुलगी. साडी गर्द लाल, तिरुभुवनमचं अस्सल रेशीम. मूर्तीवरून उतरवताना हाताला लागली आणि — काय सांगू — सोडवेचना. माझ्याकडे तशाच रंगाची नकली रेशमाची होती, सेलमध्ये एकावर एक फुकट मिळालेली. तीच घडी घालून लूर्दूला दिली. म्हटलं, हिला काय कळतंय रेशमातलं? लाज वाटते, पण अगदी असंच म्हटलं मी.

रेशमाचं तिला काही नव्हतंच हो. मातेच्या अंगाला लागलेली साडी, एवढंच तिला हवं होतं. नेमकं तेच मी घरी नेऊन कपाटात कोंबलं. तेव्हा कळलं नाही का मला? कळलं असणार. कळूनही गप्प बसले.

पुढे स्टेल्ला बाळंतपणात गेली. इथं नवरा असलेल्या बाईला लग्नाच्याच साडीत पुरतात. लूर्दूनं मलाच बोलावून घेतलं — मातेला नेसवणारे हात म्हणून. साडी जपून ठेवली होती तिनं, जुन्या वेष्टीत, म्हणजे धोतरात, गुंडाळून. ती माझ्या हातात देत म्हणाली, "अक्का, माता नेसली होती ती हीच ना? मग माझ्या पोरीला आता भीती नाही."

खरी साडी दोन घरं पलीकडे, माझ्या कपाटात होती. धावत जाऊन आणता आली असती.

"हो, हीच," मी म्हटलं, आणि निऱ्या घालायला घेतल्या.