दुखलं तर हात वर करा

काल दाढ काढायला गेले होते. भूल देऊन झाल्यावर दाताची डॉक्टर, माझ्या लेकीच्या वयाची, म्हणाली, "काकू, दुखलं तर डावा हात वर करा. मी लगेच थांबेन." साधंच बोलली, पण खुर्चीत मी अवघडून गेले.

सव्वीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. मूल राहू नये म्हणून बायका तांबी बसवायला यायच्या, तेव्हा त्यांचे हात धरायचं काम माझं. धीर द्यायला धरते, असं मी म्हणायचे. खरं तर ते मध्ये येऊ नयेत म्हणून धरायचे. भूल नाही, आधी दुखण्याची एक गोळीसुद्धा नाही. गोळ्या कपाटात असायच्या आणि किल्ली माझ्याच कमरेला. दुखणं त्यांचं, पण ते किती, हे मी ठरवायचे. कुणी कळवळली की म्हणायचे, "बाळंतपण सोसलंस ना गं? मग एवढ्याशाला काय रडतेस?"

एक पोरगी ओठ चावून पडून राहिली होती. उठताना मलाच म्हणाली, "सिस्टर, त्रास दिला तुम्हाला."

मी म्हटलं होतं, "असू दे."

दाढ पार बधिर झाली होती. काहीच दुखत नव्हतं. तरी मी डावा हात वर केला.

डॉक्टर तिथल्या तिथे थांबली. "दुखतंय का, काकू?"

मी मानेनेच नाही म्हटलं. पण तिने माझ्या डोळ्यांतल्या पाण्यावर विश्वास ठेवला, आणि आणखी थोडी भूल दिली.