गंधरसाचा पेला

यरुशलेमात शप्पीराला सगळे ओळखत, पण तिच्या ओट्यावर फारसं कुणी टेकत नसे. रोमी शिपाई कुणाला क्रूसावर द्यायला निघाले की ती गंधरस घातलेला द्राक्षारस घेऊन मागोमाग जायची. मरणाऱ्याची शुद्ध जरा बोथट व्हावी, एवढंच. आधी सासू जायची, मग ती.

जागा वेशीबाहेर, जुन्या दगडखाणीत. दगड कच्चा निघाला म्हणून न कापलेला कवटीसारखा उंचवटा तिथे उरला होता. अगदी रस्त्याला लागून. जाणाऱ्या-येणाऱ्याला दहशत बसावी म्हणून.

त्या वर्षी वल्हांडण सणाच्या सुमारास तिघांना आणलं. दोघं घटाघटा प्याले. तिसऱ्या, गालीलच्या माणसानं नुसते ओठ लावले आणि तोंड फिरवलं.

तेव्हापासून शप्पीराचं चित्त थाऱ्यावर राहीना. सणाची बेखमीर भाकरही घशाखाली उतरेना.

"रस बिघडला होता का हो?" ती नवऱ्याला परत परत विचारी.

"अगं, मरणाऱ्याला कसली आलीय चव?" हनानेल म्हणे. "का तुला वाहवा हवी होती?"

पुढच्या खेपेला ती गेलीच नाही. दार लावून बसली. त्या दिवशी क्रूसावर दिलेल्या माणसाचा आक्रोश दिवसभर वेशीतून आत येत राहिला. ती उठे, पेला हातात घेई, परत ठेवी. पुढेही किती वर्षं तसंच.

मग रोमनांनी नेमलेल्या राजानं शहराला बाहेरून नवा तट घातला. खाण शहरात आली, क्रूस दुसऱ्या रस्त्याला गेले. त्या दिवसांत दीना नावाची बाई पत्ता काढत आली. बोलण्याचा हेल गालीलचा.

"मावशी, आमच्या गालीलच्या माणसाला क्रूसावर दिलं ती जागा दाखवशील?"

कुणीतरी तिथे कांदे लावले होते. शप्पीरानं उंचवटा दाखवला आणि राहवेना म्हणून विचारलं, "त्यानं माझा रस का नाही घेतला गं?"

"काय सांगू? आम्हाला जवळ येऊ दिलं नाही. लांबूनच बघत होतो." दीनानं उंचवट्याकडे पाहिलं. "शेवटी त्याच्याजवळ आपलं कुणी नव्हतं असंच मी धरून चालले होते. तू होतीस तर."

दोघी बांधावर बसल्या. दीना रडली, मग तिनं शप्पीराच्या पदराला डोळे पुसले.

त्याच महिन्यात उत्तरेच्या रस्त्यावर एकाला क्रूसावर नेल्याचं कानावर आलं. हनानेल म्हणाला, "आता या वयात कुठे निघालीस?"

"येते जाऊन," ती म्हणाली. पेला तिनं दोन्ही हातांनी धरला.